अ‍ॅलिसहून उत्तरेला

सोमवार, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज

ऑस्ट्रेलियाच्या मध्यात जायचं म्हटलं की लोक उलुरूच्या प्रसिद्ध तांबड्या खडकाकडे जातात. आम्ही गेलो नाही. मेलबर्नहून विमानानं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गाठायचं आणि तिथून गाडीनं सरळ उत्तर धरायची, एवढंच ठरवलं होतं.

मी मेलबर्नला एका ग्रंथालयात सूचीकरणाचं काम करते. बरोबर भाची होती, पुण्याहून आलेली. तिनं गडचिरोलीत लोकजैवविविधता नोंदवह्यांच्या कामात काही काळ काढला आहे. कोणता कंद कधी खणायचा, आग्या माशी कोणत्या झाडावर पोळं धरते, कुठल्या डोहात मासे मारायचे नाहीत, हे गावोगावी बसून लिहून घ्यायचं काम. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक गावच्या समितीनं ही वही करायची असते. ते वर्षानुवर्षं रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, चुकणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपये दंड लावायचं ठरवलं, आणि देशभर वह्यांचं पीक आलं. "वह्या झाल्या, कॉम्प्युटरवर चढल्या," भाची म्हणाली. "पण मावशी, ज्या आजीनं सगळं सांगितलं, तिला आपलं सांगणं पुन्हा ऐकायचं असेल तर तिनं कुठं जायचं?"

याच प्रश्नाशी मध्य ऑस्ट्रेलियातली आदिवासी माणसं तीसेक वर्षं झटताहेत, म्हणून इकडे आलो.

विमानातून टॉड नदी दिसली. म्हणजे वाळूची पांढरी रेघ आणि काठानं निलगिरीची झाडं. तिला तीनदा पाणी आलेलं पाहिलं की तुम्ही इथले झालात, असं गावकरी म्हणतात. जुलै म्हणजे इथला हिवाळा. दुपार पुण्याच्या डिसेंबरासारखी आणि रात्र थेट शून्याच्या आसपास.

संध्याकाळी गावाबाहेरचं जुनं तारघर पाहिलं. १८७२ साली अ‍ॅडलेड ते डार्विन तार पडली, तिथून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मग मद्रास-मुंबईमार्गे लंडन. १८९२ ते १८९९ या काळात फ्रँक गिलन या तारघराचा प्रमुख होता. १८९४मध्ये हॉर्न शास्त्रीय मोहिमेबरोबर बाल्डविन स्पेन्सर नावाचा जीवशास्त्राचा प्राध्यापक इथे आला, तो सरडे, पक्षी, बेडूक गोळा करायला. दोघांची गट्टी जमली, आणि मग सरड्यांबरोबर माणसांच्याही नोंदी सुरू झाल्या. १९०१मध्ये दोघं चलच्चित्र कॅमेरा आणि मेणाच्या नळ्यांवर आवाज धरणारा फोनोग्राफ घेऊन दक्षिणेकडून उत्तरेला निघाले आणि वर्षभर फिरले. आम्हीही त्याच तारेच्या वाटेनं जाणार होतो. त्यांनी जमवलेलं सगळं मेलबर्न, अ‍ॅडलेड आणि कुठकुठल्या संग्रहालयांत विखुरलं. माझ्या घरापासून ट्रामच्या अंतरावर त्यातला मोठा वाटा आहे. ज्यांचा तो आहे, त्यांच्यापासून तो दोन हजार किलोमीटरांवर.

मंगळवार, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज

आजचा दिवस स्ट्रेलो बापलेकांचा.

कार्ल स्ट्रेलो हा जर्मन लुथरन मिशनरी १८९४ ते १९२२ हर्मन्सबर्गच्या मिशनवर होता. त्यानं अरंडा आणि लोरिचा या इथल्या आदिवासी भाषांचा हस्तलिखित शब्दकोश केला. अरंडाचे सुमारे ७,६०० शब्द, लोरिचाचे सुमारे ६,८००. त्यात झाडं, बिया, किडे, पाण्याच्या जागा, शिकारीच्या रीती, सगळं शब्दांच्या रूपानं भरलेलं. धर्म बदलायला आलेल्या माणसानं इतकं बारकाईनं ऐकावं याचं मला नेहमी नवल वाटतं. ते हस्तलिखित शतकभर छापलंच गेलं नाही. २०१८ साली ते संपादित होऊन प्रसिद्ध झालं, आणि आज ते फुकट उतरवून घेता येतं, हर्मन्सबर्गच्या शाळेतल्या पोरालाही.

मुलगा टेड १९०८ साली हर्मन्सबर्गलाच जन्मला, अरंडा बोलतच वाढला. त्यानं अरंडा विधींची गाणी, चित्रफिती, वंशावळी, रोजनिश्या आणि पवित्र वस्तू यांचा प्रचंड साठा केला. म्हाताऱ्यांनी हे आपल्या स्वाधीन केलंय, नव्या पिढीला ते पेलणार नाही, म्हणून हे आता आपलं, अशी त्याची धारणा होती. १९७८मध्ये त्यानं गुप्त विधींचे फोटो 'श्टेर्न' या जर्मन मासिकाला विकले. तेच फोटो ऑस्ट्रेलियातल्या एका साप्ताहिकात फिरून आले आणि ज्यांनी पाहू नयेत त्यांच्याही हातात गेले. त्याच वर्षी तो वारला. पुढे नॉर्दर्न टेरिटरी या इथल्या प्रांताच्या सरकारनं संग्रह विकत घेतला आणि १९९१पासून तो इथल्या स्ट्रेलो संशोधन केंद्रात आहे, मध्य ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयाच्याच इमारतीत.

संग्रहालय आम्ही पाहिलं. एका अवाढव्य न उडणाऱ्या पक्ष्याचे अवशेष आहेत, ते चुकवू नका. संग्रह मात्र पाहिला नाही. त्यातलं बहुतेक फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांसाठी आहे, आणि अलीकडच्या वर्षांत अरंडा पुरुषांनीच तिथं संशोधक म्हणून काम केलं आहे. भाचीला हे खटकलं. "म्हणजे बाई म्हणून आपल्याला बंदी?" आपल्याकडच्या देवळांच्या गाभाऱ्याचे वाद तिच्या डोक्यात होते. पण इथं बायकांचंही तितकंच स्वतंत्र, पुरुषांना बंद असं ज्ञान आहे, आणि ते बायकांनी राखलेलं आहे. कुठल्या पाणवठ्याशी कोणती बी जमवायची आणि तिथं कोणतं गाणं म्हणायचं हे एकाच विद्येचे दोन पदर असतात. गाणं बाजूला काढून फक्त बीची माहिती देता येत नाही, निदान ते लोक तसं मानत नाहीत. 'पर्यावरणाचं ज्ञान' असा वेगळा खण पाडणारे आपण.

संध्याकाळी भाचीला 'आरा इरिटिचा'बद्दल सांगितलं, कारण तिच्या प्रश्नाला तेच सगळ्यात जवळचं. दक्षिणेकडच्या पिचंचाचारा आणि यांकुनिचाचारा लोकांनी १९९४मध्ये ते सुरू केलं. मिशनरी, शिक्षक, नर्सेस, पशुपालक असे जे जे कुणी त्यांच्या मुलुखात राहून गेले, त्यांच्या माळ्यांवरचे फोटो, फिती, ध्वनिमुद्रणं शोधून काढायची, त्यांच्या डिजिटल प्रती करायच्या आणि वस्त्यांवर न्यायच्या. १९९४मध्ये त्या वस्त्यांत इंटरनेट कुठलं! मग कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, प्रिंटर असं सगळं एका दणकट चाकांच्या पेटाऱ्यात बसवलं. धूळ, उन्हाळा, कच्चा रस्ता, पोरं, सगळं सोसेल असा. त्याला नाव दिलं 'निरी-निरी', म्हणजे शेणकिडा. पुरुषांचा संग्रह निराळा, बायकांचा निराळा. कुणी वारलं की त्या माणसाचे फोटो झाकले जातात, कारण गेलेल्याचं नाव घेणं, चेहरा पाहणं घरच्यांना सोसत नाही. दुखवटा सरला असं घरच्यांनी सांगितलं की पुन्हा उघडतात.

सूचीकार म्हणून मला यातलं हे फार आवडतं. आमच्या ग्रंथालयात नोंद एकदा झाली की झाली. इथं नोंदीलाही सुतक असतं.

बुधवार, लॅरापिंटा ड्राइव्ह

गावाच्या पश्चिमेला जॉन फ्लिनची कबर आहे. हा फ्लाइंग डॉक्टर सेवेचा संस्थापक, १९५१ साली वारला. कबरीवर ठेवायला १९५०च्या दशकात कुणीतरी चारशे किलोमीटरांवरच्या कार्लु कार्लुहून एक प्रचंड गोल शिळा उचलून आणली. ती शिळा त्या जागेच्या मालकांना पवित्र होती, त्यांना कुणी विचारलंच नाही. बायका वर्षानुवर्षं मागत राहिल्या. अखेर १९९९मध्ये ती परत गेली आणि अ‍ॅलिसच्या अरंडा लोकांनी आपल्या मुलुखातली दुसरी शिळा कबरीसाठी दिली. फ्लिनचीही अप्रतिष्ठा झाली नाही. शिळेची डिजिटल प्रत देऊन भागलं नसतं, असं भाची म्हणाली, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.

तिथून जवळच डेझर्ट पार्क. निशाचरांच्या अंधाऱ्या दालनात माला पाहिली. ही सशाएवढी कांगारूची जात. मध्य ऑस्ट्रेलियात एकेकाळी सर्रास दिसे. १९९१मध्ये तनामी वाळवंटातली तिची शेवटची रानटी वसाहत वणव्यात संपली. आज मध्य ऑस्ट्रेलियात जी आहेत ती अ‍ॅलिसला आधीच पाळून वाढवलेल्यांची प्रजा. कोल्हे आणि मांजरं हे एक कारण. दुसरं असं की माणसं मिशन आणि रेशनच्या वस्त्यांवर गेली आणि स्पिनिफेक्स गवताचे छोटे छोटे तुकडे ठरलेल्या वेळी जाळायची रीत मोडली. पूर्वी जळकं, कोवळं, जुनं अशी गवताची गोधडी असे. मालाला खायला कोवळं लागे, लपायला जुनं. माणसं गेल्यावर मैलोन्‌मैल एकसारखं जुनं गवत साठलं आणि मग एकच मोठा वणवा.

हे कुणाला कसं कळलं, ही गोष्ट मला मालापेक्षाही आवडते. १९८०च्या दशकात काही प्राणिशास्त्रज्ञ संग्रहालयातली जुनी कातडी घेऊन वाळवंटातल्या वस्त्यांवर गेले. नाहीशा झालेल्या प्राण्यांची कातडी. म्हाताऱ्या माणसांनी ती हातात घेतली, हुंगली, उलटीपालटी केली आणि नावं सांगितली. काय खातो, बीळ कुठं काढतो, चव कशी, शेवटचा केव्हा दिसला. शास्त्राच्या हिशेबात कधीच संपलेले किती तरी प्राणी त्यानंतरही पुष्कळ वर्षं टिकून होते, हे तेव्हा समजलं. कातडी कपाटात पडून होती तोवर त्यांच्यावर फक्त क्रमांक होता.

गुरुवार, स्टुअर्ट हायवे

टेनंट क्रीक पाचशे किलोमीटर. वेगमर्यादा १३०. समोरून त्रेपन्न मीटर लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे मागे डबे जोडलेले ट्रक, येतात, त्या गेल्यावर गाडी थरथरते. रात्री चालवू नका, कांगारू आणि गुरं रस्त्यावर बसतात.

टी ट्रीला पेट्रोल भरलं, बेचव सँडविच खाल्लं. या भागातल्या अन्माचेर बायकांच्या हातखुणा 'इल्तिम-इल्तिम' नावाच्या डिजिटल संग्रहात आहेत. शिकारीच्या वेळी आवाज करायचा नाही म्हणून हातांनी बोलायचं. दुखवट्यातल्या बायकाही कधीकधी महिनोन्‌महिने हातांनीच बोलत. घोरपड कुठं, पाणी कुठं, गाडी येतेय, सगळ्याला खूण. गाडीत भाचीनं मोबाइलवर चारदोन पाहिल्या आणि पुढचे शंभर किलोमीटर माझ्यावर प्रयोग केले.

बॅरो क्रीकला १८७२चं दगडी तारघर आहे. १८७४ साली काइडिच लोकांनी त्यावर हल्ला केला, दोन तारवाले मेले. त्याचा सूड म्हणून पुढे कितीतरी काइडिच मारले गेले. गोऱ्यांच्या कबरी आहेत, त्यांच्या नाहीत. थांबलो थोडा वेळ, निघालो.

दुपारी उशिरा कार्लु कार्लु. इंग्रजी पाट्यांवर 'डेव्हिल्स मार्बल्स'. ग्रॅनाइटच्या गोल शिळांची रानभर पसरण, कित्येक शिळा एकीवर एक, आता पडतील अशा. ग्रॅनाइट दीड अब्ज वर्षांहून जुनं. २००८ साली ही सगळी जागा वारुमुंगु, काइडिच, वार्लपिरी आणि अल्यावारा या आदिवासी मालकांना परत दिली गेली. त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं उद्यान खात्याला दिली आणि कारभार दोघं मिळून पाहतात. फ्लिनच्या कबरीवरून परत आलेली शिळा यातली कोणती, हे आम्ही शोधलं नाही. प्रवासी तिच्याशेजारी सेल्फी काढणार, हे उघडच आहे.

शुक्रवार, टेनंट क्रीक

एकदा सोनं सापडलं म्हणून वसलेलं, आता जरा उतरलेलं गाव. स्पेन्सर आणि गिलन १९०१मध्ये इथं कित्येक आठवडे मुक्काम करून होते. त्यांनी काढलेले वारुमुंगुंचे फोटो जगभर छापले गेले.

सकाळी न्यिंका न्युन्यु या कला-संस्कृती केंद्रात गेलो. २००३ साली उघडलं. वारुमुंगुंनी आपली गोष्ट आपल्या शब्दांत मांडली आहे, आणि भोवती औषधी आणि खाण्याच्या झाडांची बाग. इथल्याच लोकांबरोबरच्या कामातून 'मुकुर्तु' ही डिजिटल संग्रह ठेवायची प्रणाली निघाली, जी आज जगभरच्या आदिवासी संग्रहांत वापरली जाते.

त्याची हकिकत अशी. २०००च्या सुमारास अमेरिकेतल्या अभ्यासक किंबर्ली क्रिस्टन वारुमुंगुंबरोबर काम करत होत्या. मिशनरी कुटुंबांकडून, संग्रहालयांकडून जुने फोटो डिजिटल होऊन गावात येऊ लागले होते. लोक कॉम्प्युटरभोवती गर्दी करायचे. पण पडद्यावर गेलेल्या माणसाचा चेहरा आला की कुणी मान फिरवायचं, कुणी उठून जायचं, पुरुषांची जागा दिसली की बायका दूर सरायच्या. कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं सगळे फोटो सारखे आणि बघणारेही सारखे. २००७मध्ये वारुमुंगुंचा स्वतःचा संग्रह तयार झाला, तो या वागणुकीवर बेतून. तुम्ही कोण, कुणाच्या घरातले, कुठल्या मुलुखाचे, बाई की पुरुष, यावर तुम्हाला काय दिसेल ते ठरतं. नियम प्रत्येक समूह आपले आपण लिहितो आणि बदलतो. नंतर याच कल्पनेवर सर्वांना फुकट वापरता येईल अशी प्रणाली झाली. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी ती सांभाळते.

त्यातली आणखी एक सोय माझ्या धंद्याची. एकाच फोटोला दोन-तीन नोंदी शेजारीशेजारी ठेवता येतात. समजा, संग्रहालयाची नोंद म्हणते, 'कंद खणणारी स्त्री'. शेजारी तिच्या नातीची नोंद सांगते की तो कोणता कंद, जमिनीला कशी भेग पडली की खणायचा, आणि त्या जागेत खणायचा हक्क कुणाचा. संग्रहालयाची नोंद पुसत नाहीत. ती तिथंच राहते, आपल्या तोकडेपणासकट. आमच्याकडे एका वस्तूला एकच अधिकृत नोंद असावी म्हणून आम्ही बैठका घेतो.

याच मंडळींच्या कामातून पुढे 'पारंपरिक ज्ञान लेबलं' आली. अमुक गोष्ट फक्त बायकांसाठी, तमुक विशिष्ट ऋतूतच ऐकायची. कायद्यानं ती कुणाला बांधत नाहीत, पण विचारायला लावतात. अमेरिकेच्या मेन राज्यात १८९० साली पासामाक्वाडी लोकांची गाणी मेणाच्या नळ्यांवर धरली होती. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती. २०१८मध्ये तिथल्या नोंदींवर पासामाक्वाडींनी ठरवलेली लेबलं लागली.

भाचीनं विचारलं, टेनंट क्रीकचा संग्रह बघता येईल का? नाही. वारुमुंगुंसाठी आहे तो. आम्ही बाग पाहिली, कॉफी घेतली. इतक्या लांब येऊन न पाहताच परत जाणं तिला अवघड गेलं. मला वाटतं, गडचिरोलीतल्या त्या आजीबद्दलच्या तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच होतं.

दुपारी एका वारुमुंगु बाईंबरोबर गावाबाहेर फिरायला गेलो. त्या फारशा बोलत नव्हत्या, काठीनं दाखवत होत्या. एका झाडावर चढलेल्या वेलीशी थांबल्या. पानं पत्त्यांतल्या बदामासारखी, खोड दोरखंडासारखं पिळदार. डोकं दुखलं की खोड ठेचून कपाळाला गुंडाळायचं, म्हणाल्या. पोर पाठीशी बांधायलाही हीच. भाची ओरडलीच, "मावशी, ही गुळवेल!" अगदी तीच नव्हे, पण सख्खी बहीण. आपली टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, ही टिनोस्पोरा स्मिलासिना. तिनं मोबाइलवर गुळवेलीचे फोटो दाखवले. बाईंनी ते मोठे करकरून पाहिले, आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारले: तुमच्याकडे कोण तोडतं? कधी? कुणाला विचारून?

शेवटच्या प्रश्नावर आम्ही दोघी गप्प झालो.

संध्याकाळी मोटेलात त्यावरूनच वाद रंगला. हळदीच्या पेटंटची लढाई मराठी माणसाला तोंडपाठ असते. १९९५मध्ये अमेरिकेत जखमेवरच्या हळदीला पेटंट मिळालं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७मध्ये रद्द करून घेतलं. त्यातून पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. आयुर्वेद, युनानी, सिद्धच्या ग्रंथांतली औषधांची सूत्रं जगभरच्या पेटंट तपासनिसांना वाचता येतील अशा भाषांत. चोर अडवायला ते उत्तम. पण ते ग्रंथांतलं ज्ञान, आणि कुलूप सरकारचं. गडचिरोलीतल्या माडिया बाईचं ज्ञान ग्रंथात नाही, ते आता वहीत आहे आणि त्या वहीचं कुलूपही तिच्याकडे नाही. भाचीचं म्हणणं, निदान मेंढा-लेखासारख्या गावानं, जिथं ग्रामसभाच सगळं ठरवते आणि लोक अभ्यासगट करून स्वतः शिकतात, असा संग्रह आपला आपण चालवावा. वीज आणि नेटवर्कचं काय, मी म्हटलं. "शेणकिडा करू," ती म्हणाली.

शनिवार, परतीला

सकाळी गावाजवळच्या एका माळावर बफेल गवत पाहिलं. गुरांच्या चाऱ्यासाठी आणि धूळ दाबायला बाहेरून आणलेलं. ते दाट वाढतं, तापून जळतं आणि जळाल्यावर आधी तेच उगवतं. त्याच्या आगीत मोठी झाडंही मरतात. नॉर्दर्न टेरिटरीनं त्याला अधिकृतपणे तण म्हणायला २०२४ उजाडलं. जुन्या फोटोंचा इथं रोकडा उपयोग आहे. १९०१चा फोटो आणि आजची तीच जागा शेजारी ठेवली की काय गेलं ते उघड दिसतं. इथल्या मुरु-वारिन्यि अंकुल रेंजर तुकडीसारखे लोक पुन्हा थंडीच्या दिवसांत छोट्या आगी लावतात. कुठं, कधी, हे ठरवताना उपग्रहाचे नकाशे असतात आणि म्हातारी माणसंही असतात.

अ‍ॅलिसला रात्री पोचलो. भाचीनं वेलीचे सगळे फोटो त्या बाईंना पाठवले, ठेवू का असं विचारून. दुसऱ्या दिवशी विमानतळावर उत्तर आलं. वेलीचे ठेवा. पाण्याजवळचे दोन पुसा. आणि तुमच्या वेलीचे आणखी पाठवा, फूल येईल तेव्हा.